शेऱ्याचा रकाना

२०२३ च्या फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत मराठवाड्यातल्या एका शहराचा पत्ता मोठा गमतीचा होता. केंद्राच्या संमतीनंतर २४ फेब्रुवारीला उस्मानाबाद शहराचे नाव धाराशिव झाले, पण ते शहरापुरतेच. तालुका आणि जिल्हा यांच्या नावांची अधिसूचना निघायला सप्टेंबरचा मध्य उजाडला. मधल्या काळात काटेकोर पत्ता लिहायचा तर तो ‘धाराशिव, तालुका उस्मानाबाद, जिल्हा उस्मानाबाद’ असा लिहावा लागे. बोलणाऱ्या माणसांना याचे काही वाटले नाही. ज्याच्या तोंडी जे नाव होते ते त्याने चालू ठेवले. प्रश्न होता संगणकावरच्या अर्जांचा. तिथे जिल्हा यादीतून निवडायचा असतो, आणि यादीत एका जागी दोन नावे बसत नाहीत.

गंमत अशी की या सगळ्या गडबडीत जिल्ह्याचे आकडे मात्र जागचे हलले नाहीत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याचा संकेतांक ५२५ होता. गाड्यांच्या पाटीवर एमएच २५ होते, ते नव्या नावाखालीही एमएच २५ च राहिले. शहराचा पिनकोड ४१३५०१. सॉफ्टवेअरचे स्थानिकीकरण करणाऱ्यांचा पहिला धडाच हा आहे: माणसाला दिसणारे नाव वेगळे ठेवा आणि यंत्राला लागणारी खूण वेगळी ठेवा. नाव उद्या बदलेल, भाषेगणिक बदलेल. खूण बदलता कामा नये. हा धडा ज्यांनी गिरवला होता त्यांना यादीतली एक ओळ बदलावी लागली. ज्यांनी ‘उस्मानाबाद’ हा शब्दच खूण म्हणून वापरला होता, त्यांच्या वाट्याला काय आले असेल ते सांगायला नको.

हा धडा संगणकाबरोबर आला असे समजण्याचे मात्र कारण नाही. धाराशिवच्या दप्तराची भाषा गेल्या पाच शतकांत इतक्या वेळा बदलली आहे की, हा जिल्हा म्हणजे स्थानिकीकरणाची जुनी शाळाच म्हणावी.

नळदुर्गचा किल्ला आदिलशाहीतला. त्यातला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ चा. त्याच्या आधीचा पहिला इब्राहिम, ज्याची कारकीर्द १५३४ ते १५५८, त्याने सरकारी हिशेब फारसीऐवजी ‘हिंदवी’त ठेवायला लावले असे फिरिश्ता लिहितो. मराठी इतिहासकार या हिंदवीचा अर्थ मराठी असा लावतात. दख्खनी सुलतानांची द्विभाषी फर्माने आजही अभिलेखागारांत पाहायला मिळतात: वर फारसी मजकूर, खाली तोच आशय मोडीतल्या मराठीत. वरची बाजू दरबारासाठी, खालची देशमुख-देशपांड्यांसाठी. एकाच कागदाला दोन भाषांचे तोंड असावे ही कल्पना या मुलखात तेव्हापासून रुळलेली आहे.

पुढे तुळजापूरच्या भवानीला कुलदेवता मानणाऱ्या राजाने १६७४ मध्ये राज्याभिषेक करवला आणि पदांची नावे बदलली. पेशव्याचा प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश तयार झाला: एका बाजूला दप्तरात रुळलेला फारसी-अरबी-दख्खनी शब्द, दुसऱ्या बाजूला संस्कृत पर्याय. आजच्या संगणकातली संदेशांची फाइल अगदी अशीच असते, डाव्या हाताला एक, उजव्या हाताला एक. त्या यादीचे नशीबही आजच्या यादीसारखेच निघाले. सचिव आणि अमात्य टिकले. पंत सचिव, पंत अमात्य ही घराण्यांची ओळखच होऊन बसली. पण प्रधान काही पेशव्याला हटवू शकला नाही. पुढचे शतकभर मराठी राज्याचा कारभार पाहणाऱ्याला सगळा हिंदुस्थान पेशवाच म्हणत राहिला. कोशकार शब्द सुचवू शकतो. रुळवणे त्याच्या हातात नसते.

निजामाच्या राज्यात या भागाला आधी नळदुर्ग जिल्हा म्हणत. १९०८ च्या इंपीरिअल गॅझेटिअरमध्ये तो उस्मानाबाद म्हणून नोंदला आहे, पूर्वीचे नाव नळदुर्ग अशा खुलाशासह. म्हणजे मीर उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर बसण्याच्या आधीच राजपुत्राचे नाव जिल्ह्याला लागले होते. राज्याची कामकाजाची भाषा एकोणिसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापर्यंत फारसी होती, मग उर्दू झाली. जिल्ह्याचा मुख्य अधिकारी ‘अव्वल तालुकदार’. त्याच खुर्चीला पुढे कलेक्टर म्हणू लागले आणि मग जिल्हाधिकारी. खुर्ची तीच, पाट्या तीन.

भाषा बदलली की फक्त शब्द बदलतात असा समज असतो. निजामी दप्तराने तो कधीच खोटा ठरवला आहे. तिथे सन फसली होता. फसली १३५७ असे कागदावर दिसले की त्यात ५९० मिळवून १९४७-४८ काढायचे. महिन्यांची नावे आजूर, दय, बहमन अशी. पैसे ‘हाली’ आणि ‘कलदार’ अशा दोन तऱ्हांचे: निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार, साधारण सात हालीला सहा कलदार हा भाव. हाली रुपया १९५९ पर्यंत चालू होता. सोलापूरच्या बाजारात माल विकून गावी परतलेल्या शेतकऱ्याला हा हिशेब तोंडपाठ लागे. आज तारखेचे रूप, चलनाची खूण, आकड्यांची लिपी यांना प्रोग्रॅमर ‘लोकेल’ म्हणतात आणि भाषांतराइतकाच वेळ त्यावर घालवतात. जुन्या पटवाऱ्याला हा शब्द ठाऊक नव्हता, पण तो तिथेच राहत होता.

पटवारी गावचे लिहिणे मोडी मराठीत करी. वर तहसिलीला जाणारे कागद उर्दूत जात. मधला अनुवाद कोण करतो, नीट करतो की नाही, याची गावाला कल्पना नसे. हैदराबादेत १९१७ मध्ये दारुल तर्जुमा म्हणजे भाषांतर खाते उभे राहिले. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठासाठी त्याने शास्त्रांची पुस्तके आणि परिभाषा उर्दूत आणली. काम प्रचंड होते आणि विद्वत्तेचे होते, यात शंका नाही. पण राज्यातल्या बहुतेकांची मातृभाषा तेलुगू, मराठी नाही तर कन्नड होती; त्यांच्यासाठी उर्दूकरण हे स्थानिकीकरण नव्हतेच. लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, जिथे पुढे स्वामी रामानंद तीर्थ शिकवायला आले, ती याच काळातली. त्या शाळेकडे पाहताना दारुल तर्जुमाही आठवावा, म्हणजे चित्र पुरे होते.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. त्याच वर्षी जुलैत भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला. १९६२ चा पदनाम कोश निघाला तेव्हा त्यातल्या जड संस्कृत शब्दांमुळे त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून खिल्ली उडाली. आज मागे वळून पाहिले तर ती खिल्ली अर्धीच खरी ठरली आहे. जिल्हाधिकारी, आयुक्त, संचालक हे शब्द आज इतके घरचे झाले आहेत की ते कुणी मुद्दाम घडवले असे सांगावे लागते. आणि तहसीलदार? त्याला कुणीच हात लावला नाही. दस्त, वारस, मुखत्यार, तगाई, जप्ती हे शब्दही फारसी-अरबी वाटेने आले आणि मराठीत राहिले.

खरी कमाल शब्दांची नव्हती, वाक्यांच्या बांधणीची होती. ती कुणा विद्वानाने नाही, दप्तरातल्या कारकुनांनी केली.

मराठीत नावाला प्रत्यय लागला की नाव बदलते. तुळजापूर, कळंब, भूम यांचे काही बिघडत नाही: तुळजापूरचा, कळंबचा, भूमचा. वाशीही सरळ जाते. पण उमरग्याचा, परंड्याचा, लोहाऱ्याचा असे म्हणावे लागते. येरमाळा असेल तर येरमाळ्यात, मुरूम असेल तर मुरुमात. आता छापील नमुन्यात मोकळी जागा सोडून तिथे गावाचे नाव भरायचे असेल, तर ‘…च्या शिवारात’ असे छापून चालणार नाही. ‘परंडाच्या शिवारात’ हे मराठी नव्हे. या अडचणीवर दप्तराने शोधलेला तोडगा आजही सातबाऱ्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत दिसतो: ‘मौजे तेर, ता. व जि. धाराशिव’. नाव मोकळे उभे, प्रत्यय नाही, विभक्ती नाही. ‘मौजे’ हा शब्द अरबी ‘मौजा’वरून आला, पण इथे त्याचे काम व्याकरणाचे आहे. तो पुढच्या नावाला जसेच्या तसे ठेवण्याची परवानगी देतो.

लिंगाचेही तसेच. मराठी क्रियापद सतत विचारत असते, पुरुष की बाई? दस्तऐवजाने त्याला बगल दिली. ‘रा.’ म्हणजे राहणार: राहणार रामा, राहणार शांताबाई, राहणार चौघे भाऊ, एकच रूप सगळ्यांना चालते. ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ हेही असेच. अर्जदार, खातेदार, भोगवटादार, साक्षीदार या ‘दार’ मंडळींना स्त्रीलिंग-पुल्लिंगाचे वावडे नाही. ‘वय ४५, धंदा शेती, रा. तेर’ या त्रोटक ओळीत एकही क्रियापद नाही. म्हणून ती कोणत्याही माणसाला लागू पडते. शाळेतल्या मराठीच्या बाईंना ही भाषा रुक्ष वाटेल. साच्यात शब्द बसवण्याचे काम ज्याने केले आहे त्याला तिचे कौतुक वाटल्याशिवाय राहणार नाही.

कारण हेच कोडे पुढे संगणकाच्या पडद्यावर आले. इंग्रजीत बांधलेल्या फॉर्ममध्ये एकच साचा सगळ्या रकान्यांना चालतो; मोकळ्या जागेत रकान्याचे नाव येते आणि वाक्य पुरे होते. तो साचा मराठीत ‘… भरला नाही’ असा उतरवला की ‘पत्ता भरला नाही’ ठीक, पण मग ‘जन्मतारीख भरला नाही’ आणि ‘नाव भरला नाही’. आज जवळपास प्रत्येक सरकारी साइटवर दिसणारे ‘भरणे आवश्यक आहे’ हे रूप यातूनच आले. पत्ता भरणे, जन्मतारीख भरणे, नाव भरणे: तिन्ही बरोबर. कानाला ते सरकारी लागते, पण चुकत नाही. ‘मौजे’ची ही पुढची पिढी.

पडद्यावर मराठी दिसायलाच मुळात वेळ लागला. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरला भारतीय लिप्यांचे तंत्र तयार झाले, पुढे पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्ड आणले. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांच्या संकेतांचे प्रमाण ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. पण कचेऱ्यांत चालत राहिले ते फॉन्ट. एका टेबलावर एक फॉन्ट, दुसऱ्यावर दुसरा. पेनड्राइव्हवरून नेलेले पत्र शेजारच्या खोलीत उघडले की रोमन अक्षरांचा खिचडा. त्या काळात काम केलेल्या कुणालाही हे सांगावे लागणार नाही.

युनिकोडने तो गोंधळ संपवला, पण मराठीचे बारकावे हळूहळूच पोचले. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली, तोवर तो अ आणि चंद्र जोडून लिहावा लागे. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाण रूप ठरवले, त्यात पाकळीचा ल आणि शेंडीचा श मराठीचे म्हणून नोंदले. आजच्या चांगल्या फॉन्टांत ही दोन्ही रूपे असतात, पण पानाने आपली भाषा मराठी असल्याचे ब्राउझरला सांगितले तरच ती उमटतात. सांगितले नाही तर ‘लातूर’चा ल हिंदी वळणाचा येतो. आणि मग लोहारा. नावाला प्रत्यय लागताच अर्धा र लागतो, आणि तो चंद्रकोरीसारखा हवा: लोहाऱ्यात. त्यासाठी युनिकोडमध्ये ऱ हे वेगळे अक्षर पहिल्यापासून आहे. साधा र वापरला तर तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि ‘लोहार्यात’ होते. ते कुण्या आर्याचे गाव असल्यासारखे वाचले जाते. ‘सूर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक ज्या भाषेला कळतो तिच्यात ही चूक छोटी नाही.

आता मुद्द्याच्या रकान्याकडे. जुन्या प्रत्येक तक्त्यात शेवटी एक उभा रकाना असतो: शेरा. आधीचे रकाने भरणाऱ्याचे, हा तपासणाऱ्याचा. ‘दाखल’, ‘नामंजूर’, ‘वारसाचा दाखला नाही’, ‘सही जुळत नाही’. अर्जाचे पुढे काय होणार ते त्या चार शब्दांत ठरे. वेब फॉर्ममधला लाल अक्षरांतला संदेश हा तोच रकाना. फरक एवढाच की शेरा मारणारा आता समोर बसलेला नाही. त्याच्या जागी नियम आहेत, आणि नियम बहुधा देवनागरीचा विचार न करता लिहिलेले असतात.

उदाहरण घ्यावे नावाच्या रकान्याचे. ‘फक्त अक्षरे चालतील’ असा नियम प्रोग्रॅमर लिहितो. रोमनपुरता लिहिला तर देवनागरी सगळीच बाद. शहाणा प्रोग्रॅमर जगातली सगळी अक्षरे चालतील असे लिहितो आणि निश्चिंत होतो. पण युनिकोडच्या दृष्टीने काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार ही अक्षरे नव्हेत, चिन्हे आहेत. त्यांचा वर्ग वेगळा. परिणाम असा की ‘कमल’, ‘मदन’, ‘गगन’ ही मंडळी फॉर्ममधून सुखरूप पार होतात आणि ‘शांताबाई शिंदे’ यांना सांगितले जाते की नावात फक्त अक्षरे लिहा. बिनकान्यामात्रेच्या माणसांनाच प्रवेश! उपाय सोपा आहे, नियमात चिन्हांचा वर्ग जोडायचा. पण ज्याला चूक दिसते त्याला उपाय ठाऊक नसतो आणि ज्याला उपाय ठाऊक आहे त्याच्या नावात कधी वेलांटी नसते.

आकड्यांची तऱ्हा याहून मजेची. जगभरच्या भाषांच्या सवयी नोंदवणारा सीएलडीआर नावाचा संग्रह आहे. युनिकोडवालेच तो सांभाळतात. त्यात हिंदीसाठी इंग्रजी आकडे धरले आहेत, मराठीसाठी मात्र देवनागरी. त्यामुळे ब्राउझरला ‘ही संख्या मराठी पद्धतीने दाखव’ असे सांगितले की तो १,२३४ असे दाखवतो. तीच संख्या वापरणाऱ्याने एचटीएमएलच्या संख्येच्या चौकटीत देवनागरीत टाकायला जावे, तर चौकट ती घेत नाही. दाखवताना मराठी, घेताना इंग्रजी. सातबाऱ्यावरचे क्षेत्र तर आणखी वेगळे, हेक्टर, आर, चौरस मीटर असे: ०.८०.००. दोन टिंबांची संख्या गणितात नसते, दप्तरात असते. आणि शेतकरी बोलतो ते एकर-गुंठ्यांत, चाळीस गुंठ्यांचा एकर.

लांबीच्या मर्यादेतही अशीच मेख. ‘धाराशिव’ वाचणाऱ्याला चार अक्षरे दिसतात. युनिकोड सात मोजतो, आणि साठवताना एकवीस बाइट लागतात. ‘उस्मानाबाद’ पाच दिसतात, दहा मोजतात, तीस लागतात. ‘वीस अक्षरांपेक्षा जास्त नको’ हा संदेश मिळालेला माणूस बोटे मोजत बसतो आणि त्याची मोजणी यंत्राच्या मोजणीशी जुळत नाही. मोबाइलवरच्या एसएमएसलाही हाच नियम: रोमनमध्ये १६० अक्षरे, देवनागरीत ७०. ओटीपीचा मराठी निरोप त्रोटक का असतो, त्याचे एक कारण हे.

शब्दनिवडीवर तर एक लेख वेगळा लिहावा लागेल. ‘अवैध मोबाइल क्रमांक’ हा संदेश पुष्कळ ठिकाणी दिसतो. मराठी वर्तमानपत्रात अवैध असते ती दारू, नाही तर वाळू उपसा. साध्या शेतकऱ्याच्या मोबाइल नंबरवर तो शिक्का मारण्याची गरज नाही. ‘क्रमांक दहा अंकी हवा, तुम्ही नऊ अंक भरले आहेत’ एवढे सांगितले की भागते. जुना शेरा रुक्ष असेल, पण त्यात काय कमी आहे ते लिहिलेले असे. ‘त्रुटी आढळली’ हा शेरा नव्हे; ती टाळाटाळ आहे. आणखी एक बारीक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. पान मराठी असले तरी ‘हा रकाना भरा’ असा जो छोटा फुगा ब्राउझर स्वतः दाखवतो, तो ब्राउझरच्या भाषेत येतो. फोन इंग्रजीत लावलेला असेल तर मराठी अर्जावर इंग्रजी दटावणी. प्रोग्रॅमरने स्वतःचा मजकूर दिला तरच ती मराठी होते.

महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्याच्या हातात आली. पीक नोंदवण्याचे जे काम शतकभर तलाठ्याचे होते ते मोबाइलवर आले. या ॲपचे एक बरे वाटते. त्याने ‘पोटखराब’, ‘चालू पड’, ‘कायम पड’, ‘निर्भेळ पीक’ हे महसुलाचे जुने शब्द टाकून दिले नाहीत. परंड्याच्या शेतकऱ्याला ‘चालू पड’ समजावून सांगावे लागत नाही. नवा गोड शब्द शोधण्यापेक्षा जुना खरा शब्द ठेवणे हे स्थानिकीकरणातले अर्धे शहाणपण.

तरीही धाराशिवच्या तहसीलसमोर, जिथे पूर्वी अर्जनवीस पाट मांडून बसे, तिथे आज सेवा केंद्राचा पोरगा संगणक मांडून बसतो. काम तेच. शेतकरी सांगतो ते साच्यात बसवायचे आणि साच्याने परत पाठवले की का पाठवले ते शेतकऱ्याला त्याच्या बोलीत सांगायचे. लाल अक्षरांतले वाक्य वाचून तो म्हणतो, “काका, आधारवर नाव येगळं हाय, तेवढं आधी जुळवून आणा.” संदेश लिहिणाऱ्याने जे करायला हवे होते ते हा करतो, आणि त्याचे पैसे शेतकरी देतो.

गावांची नावे हा रोमन लिपीतला वेगळाच घोळ. उमरगा रोमनमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो, परंडाही. देवनागरीत हा घोळ नाही, पण उलटा एक आहे: नवी मुंबईतली वाशी आणि धाराशिव जिल्ह्यातली वाशी रोमनमध्ये वेगळ्या लिहितात, देवनागरीत अगदी सारख्या. कळंबही दोन, एक इथले आणि एक यवतमाळ जिल्ह्यातले. नुसत्या नावावर विसंबणाऱ्या यादीत या दोघांची गाठ पडणारच. तेरचे नाव तर ग्रीक खलाशाने तगर म्हणून लिहून ठेवले होते, आणि दोन हजार वर्षांनी ते तेरच हे सिद्ध करायला अभ्यासकांना झगडावे लागले. त्या खलाशाने गावाला एखादा नंबर दिला असता तर बरे झाले असते.

२०२३ मध्येच, नावाची अधिसूचना निघत असताना, मराठवाड्यातल्या अभिलेख कक्षांत आणखी एक शोध सुरू होता. कुणबी नोंदी तपासण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला निजामकालीन कागद वाचायचे होते. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, जन्म-मृत्यूची रजिस्टरे. त्यांतले काही उर्दूत होते, काही मोडीत. जिल्ह्याजिल्ह्यांत या लिप्या वाचणारी माणसे शोधावी लागली. संगणकाने सातबारा घरपोच दिला, पण ज्या कागदावर तो उभा आहे तो वाचायला पुन्हा माणूसच लागला.

८ मे २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने नामांतर कायम ठेवले. २०२५ च्या जूनमध्ये रेल्वेनेही स्टेशनचे नाव बदलले आणि इथे मात्र खूणही बदलली: यूएमडी गेले, डीआरएसव्ही आले. तिकिटांच्या यंत्रणेत खूण बदलणे हे पाटी रंगवण्याइतके सोपे नसते, म्हणून ते रात्री आरक्षण थांबवून करावे लागले.

मराठीत फॉर्म आणि संदेश तयार करणाऱ्यांना एक विनंती आहे. प्रत्येक संदेशात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी ही जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांची नावे एकदा घालून मोठ्याने वाचावीत. जिथे उमरगा, परंडा किंवा लोहारा अडखळेल तिथे प्रत्यय काढून नाव मोकळे ठेवावे. आणि नावाच्या रकान्यात ‘कमल’ टाकून समाधान मानू नये. ‘शांताबाई शिंदे, रा. येरमाळा’ टाकून पाहावे.